मृतांसाठी मांडलेला मातीचा संसार



स्मृतिव्याख्यान ही गेलेल्या माणसाला दिलेली भेट असते. आपण फुलं वाहतो, दिवा लावतो आणि वर्षातली एक संध्याकाळ त्याच्या नावाने विचारासाठी राखून ठेवतो. यातलं काहीच त्याच्या उपयोगाला येणार नाही हे ठाऊक असूनही द्यावंसं वाटतं. माझा आजचा विषय या देण्याचाच आहे. प्राचीन चीनमध्ये केवळ मृताबरोबर पुरण्यासाठी मातीच्या वस्तू घडवल्या जात. मातीची चूल, मातीची विहीर, मातीचं धान्याचं कोठार, मातीचे घोडे, उंट, नोकर, वादक. या वस्तूंना तिथे मिंगछी म्हणतात. त्या कधीच वापरायच्या नसत. कारागिराच्या हातातून त्या थेट जमिनीखाली जात.

चीनमधल्या थडग्यांचा विषय धाराशिवात कशासाठी, असं कुणाच्या मनात येईल. त्याचं कारण आपल्या जिल्ह्यातच तेरणेच्या काठी आहे. तेर हे गोरोबा काकांचं गाव, कुंभार संताचं गाव. त्यांच्याही हजारबाराशे वर्षं आधी याच गावातल्या कारागिरांनी माती अशी घडवली होती की ती पाहायला आज देशोदेशीचे अभ्यासक येतात. मातीत माणसाचा इतिहास कसा राहतो, हे समजून घ्यायचं असेल तर तेरची माती आणि चीनमधली माती शेजारी ठेवून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

तगर आणि थिना

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ते छोटं पुस्तक ओळखलं जातं. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे मोठं शहर आहे, असं त्यात नोंदवलं आहे. तगराचं साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर जात असे. हे तगर नेमकं कोणतं, यावर बराच काळ वाद चालला. १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी ते तेरच असल्याचं मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी त्या मताला बळ दिलं.

त्याच पुस्तकाच्या अखेरीस थिना नावाच्या फार दूरच्या देशाचा उल्लेख आहे. तिथलं कच्चं रेशीम, रेशमी सूत आणि कापड खुष्कीच्या मार्गाने, बॅक्ट्रियावरून भडोचला येतं, असं लेखक सांगतो. थिना म्हणजे चीन. तगराचं सुती कापड आणि चीनचं रेशीम एकाच बंदरात उतरत होतं. तेव्हा चीनमध्ये हान घराण्याचं राज्य होतं, दख्खनमध्ये सातवाहनांचं. थडग्यांसाठी मातीच्या वस्तू घडवण्याची कला चीनमध्ये घरोघरी पोचली ती याच हान काळात, आणि तेरच्या मातकामाचा बहरही साधारण याच शतकांतला.

मडक्यातली बाळं

या कथेची सुरुवात मात्र सम्राटांपासून होत नाही. ती लहान मुलांपासून होते.

चीनमधल्या शीआन शहराजवळ बानपो नावाचं नवाश्मयुगीन गाव १९५४ ते १९५७ या काळात उत्खननात सापडलं. ते सहा हजार वर्षांहून जुनं आहे. तिथे मोठी माणसं गावाबाहेरच्या दफनभूमीत पुरलेली आढळली, पण लहान मुलं घरांच्या आसपास, मोठ्या मडक्यांत. अशी सत्तरहून अधिक दफनं तिथे मिळाली. मडक्याच्या तोंडावर वाडगा किंवा परात पालथी घातलेली असे आणि तिच्या तळाला पुष्कळदा एक लहान भोक पाडलेलं असे. जीवाला येण्याजाण्याची वाट म्हणून ते ठेवलं असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. माणसाचा चेहरा आणि मासे एकत्र रंगवलेली बानपोची प्रसिद्ध परात आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती अशाच एका बाळाच्या मडक्याचं झाकण होती.

आता महाराष्ट्रात या. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं हे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचं गाव. इथे अडीचशेहून अधिक दफनं मिळाली आणि त्यांत मोठा वाटा लहान मुलांचा. हाताने घडवलेली करड्या रंगाची दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत बाळ, आणि हा दफनकुंभ घराच्या जमिनीखालीच खड्ड्यात पुरायचा. सोबत तोटीचं भांडं, एखादा रंगवलेला वाडगा. नेवासे, दायमाबाद, चांडोली इथेही हीच रीत दिसते. इनामगावात मोठ्या माणसांना आडवं पुरलं जाई आणि त्यांचे पाय घोट्याच्या वर तोडलेले असत. गेलेला माणूस घर सोडून भटकू नये म्हणून तसं करत असावेत.

एका दफनाने मात्र सगळ्यांना थक्क केलं. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या परिसरात चार पायांचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण निघाला. त्यात चाळिशीच्या सुमाराचा एक पुरुष बसलेल्या स्थितीत होता. त्याचे पाय शाबूत होते. गावातला तो मानाचा माणूस असावा. त्याच्यासाठी घडवलेला हा रांजण धान्यापाण्यासाठी कधी उभा राहिलाच नसता. तो त्या माणसासाठी, त्या दिवसासाठी घडवला होता. मृतासाठी म्हणून खास घडवलेल्या मातीच्या वस्तूचं महाराष्ट्रात मला माहीत असलेलं हे सगळ्यांत बोलकं उदाहरण आहे.

बानपो आणि इनामगाव यांच्यात हजारो वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर आहे. एकाने दुसऱ्याकडून हे उचललं असं म्हणायला कोणताही आधार नाही. पण दोन्ही ठिकाणी आईबापांनी मूल गावाबाहेर नेलं नाही. ज्या भांड्यात घरातलं दाणापाणी राहतं त्याच जातीच्या भांड्यात त्याला घालून जवळ ठेवलं. आपल्याकडे आजही दात न आलेल्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. तिरडीपुढे विस्तव नेतात तो मडक्यातून. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या पाण्याच्या मडक्याला दगडाने भोक पाडतात. इथे मृत्यूच्या प्रसंगी कुंभाराचं मडकं लागतंच. गोरोबा काकांच्या कथेत चिखल तुडवताना भजनात देहभान हरपलेल्या बापाच्या पायाखाली तान्हं बाळ येतं. बाळ आणि चिखल यांची ती भीषण भेट ज्या समाजाने शतकानुशतकं कीर्तनांतून ऐकली, त्याला इनामगावचा तो दफनकुंभ परका वाटू नये.

माणसाऐवजी माती

चीनमध्ये ही कथा पुढे एका भयानक वळणावर जाते. ताम्र-कांस्याच्या युगात राजे मोठे झाले आणि राजाबरोबर माणसं पुरण्याची प्रथा वाढली. शांग राजा वू दिंग याची राणी फू हाव हिचं थडगं १९७६ मध्ये आनयांगला उघडलं गेलं. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमाराचं ते थडगं, आणि तिच्यासोबत सोळा माणसं बळी दिलेली. इतर राजांच्या थडग्यांभोवती असे बळी शेकड्यांनी मिळाले. इसवी सनापूर्वी ६२१ मध्ये छिन राज्याचा राजा मू वारला तेव्हा १७७ जणांना त्याच्यामागे पाठवलं गेलं, असं इतिहासकार स्सुमा छ्यान याने लिहून ठेवलं आहे. त्यांत तीन सद्गुणी भाऊ होते आणि त्यांच्यासाठी लोकांनी शोकगीत रचलं. ते गीत चीनच्या सर्वांत प्राचीन काव्यसंग्रहात आजही वाचायला मिळतं. राजाच्या इच्छेपुढे तोंडाने ‘नाही’ म्हणता न आलेल्या लोकांनी गाण्यातून ते म्हटलं. याच छिन राज्याने इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये ही प्रथा बंद केली.

माणसाच्या जागी लाकडाची आणि मातीची माणसं येऊ लागली. आपल्याकडे पोळ्याला ज्याच्या दावणीला बैल नाही तो कुंभाराकडून मातीचा बैल आणून पुजतो. त्याची श्रद्धा त्यामुळे उणी ठरत नाही. प्रतिमा पुरेशी आहे हे मान्य करण्यात मोठं शहाणपण असतं. चीनमध्ये त्या शहाणपणाने जीव वाचले.

या प्रश्नावर कन्फ्यूशियसच्या परंपरेने फार बारकाईने विचार केला. मृताला पूर्ण मृत मानून वागणं ही निष्ठुरता, आणि त्याला जिवंत मानून वागणं हा अविवेक, असं तिचं म्हणणं. म्हणून मृताला द्यायच्या वस्तू अशा असाव्यात की त्या दिसाव्यात खऱ्या पण वापरता येऊ नयेत. वाद्याला तारा असाव्यात, पण त्या सुरात लावलेल्या नसाव्यात. हुबेहूब माणसासारख्या बाहुल्यांबद्दल मात्र कन्फ्यूशियसला तीव्र नापसंती होती असं त्याचे अनुयायी सांगतात. बाहुली माणसासारखी झाली की पुन्हा माणूस पुरण्याची वासना जागी होईल, अशी भीती त्यामागे असावी. प्रेम आणि विवेक या दोहोंना एकाच वस्तूत बसवण्याचा हा प्रयत्न मला मानवी विचारातला एक उंच क्षण वाटतो.

ती भीती निराधार नव्हती. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये सगळा चीन एकछत्री करणारा सम्राट छिन शृ हुआंग इसवी सनापूर्वी २१० मध्ये वारला. मार्च १९७४ मध्ये शीआनजवळ लिनथोंग इथे विहीर खोदताना शेतकऱ्यांच्या पहारीला मातीची मस्तकं लागली आणि पुरुषभर उंचीच्या मातीच्या सैनिकांची अख्खी फौज जमिनीखाली उभी असल्याचं उघड झालं. तीन खड्ड्यांत मिळून सुमारे आठ हजार सैनिक असावेत असा अंदाज आहे. पाय भरीव, धड पोकळ, डोकी साच्यातून काढून मग हाताने कोरलेली. म्हणून साचे मोजके असूनही चेहरे एकसारखे वाटत नाहीत. अंगावर लाखेसारखा थर देऊन त्यावर रंग दिले होते. माती बाजूला होऊन हवा लागली की तो थर सुकून सोलला जाई आणि रंग त्याच्यासोबत जात. अनेक पुतळ्यांवर कामाच्या मुकादमांची नावं आहेत, ऐंशीहून अधिक. काम बिघडलं तर जाब कुणाला विचारायचा, यासाठी ती नावं होती. त्या कठोर व्यवस्थेमुळेच बावीसशे वर्षांपूर्वीचे कुंभार आज आपल्याला नावानिशी माहीत झाले.

पण याच सम्राटाच्या दफनाच्या वेळी मूल नसलेल्या राणीवशाला आणि थडग्याची गुपितं ठाऊक असलेल्या कारागिरांना आत बंद केलं, हेही स्सुमा छ्यान लिहितो. मातीचे सैनिक आठ हजार असूनही जिवंत माणसांची सुटका झाली नाही. माती माणसाऐवजी उभी राहू शकते. पण तिला तशी उभी राहू देण्याचा निर्णय सत्तेला घ्यावा लागतो.

हान काळातलं घर

हान घराण्यात हे चित्र बदललं. सम्राट जिंग इसवी सनापूर्वी १४१ मध्ये वारला. त्याच्या यांगलिंग इथल्या थडग्याभोवतीच्या खड्ड्यांत मातीची माणसं आहेत, पण ती जेमतेम दोन फूट उंच. त्यांचे हात लाकडाचे आणि कपडे रेशमाचे होते. ते कुजून गेल्यामुळे आज ती हातांविना, उघडी उभी दिसतात. त्यांच्यासोबत मातीची डुकरं, कुत्री, शेळ्यामेंढ्या, गाईगुरं आणि कोंबड्या ओळीने मांडलेल्या आहेत. फौजेची जागा गोठ्याने आणि स्वयंपाकघराने घेतली.

पुढच्या दोनतीनशे वर्षांत मिंगछी सामान्य जमीनदाराच्या आणि छोट्या अधिकाऱ्याच्या थडग्यापर्यंत पोचल्या. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, म्हणून इथे थोडं थांबतो. मातीच्या चुलीवर दोन वाईल, त्यांवर भांडी आणि चुलीच्या कडेला कोरलेले मासे, चमचे, सुऱ्या. विहिरीवर रहाटाची चौकट आणि काठावर बादली. खांबांवर उचलून बांधलेलं धान्याचं कोठार, म्हणजे ओल आणि उंदीर दूर. डुकरांचा वाडा आणि त्याच्यावर शौचकूप, घाणीचं खत व्हावं अशी रचना. भाताचं खाचर, बांधाने दोन भागांत केलेलं, आणि त्याला लागून माशांचं तळं. हेनान प्रांतातून मजल्यांवर मजले चढवलेले टेहळणीचे मनोरे मिळाले आहेत. त्या काळची लाकडी घरं कधीच नष्ट झाली. हान काळातलं घर, त्याचं छप्पर, त्याचे तोडे आणि सज्जे कसे होते, हे वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांना या मातीच्या घरांवरून शिकावं लागलं.

हेनानमधल्याच जियुआन इथल्या एका हान थडग्यात धान्य उफणण्याच्या फिरत्या पंख्याची मातीची प्रतिकृती मिळाली. शेजारी पायाने चालवायचं उखळ. आपल्याकडे खळ्यात तिवईवर उभं राहून वाऱ्याची वाट पाहत उफणणी करणारी पिढी अजून हयात आहे. वाऱ्याविना उफणणारं यंत्र चीनच्या शेतकऱ्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी होतं, आणि युरोपात तसं यंत्र अठराव्या शतकात रुळलं. आज आपण हा पंखा डोळ्यांनी पाहू शकतो तो एका कुंभाराने मृत शेतकऱ्यासाठी केलेल्या प्रतिकृतीमुळे.

आणि १९५७ मध्ये छंगदू शहराजवळ सापडलेला तो गोष्टीवाला! उघडं अंग, सुटलेलं पोट, डाव्या काखेत छोटा ढोल, उजव्या हातात टिपरू, एक पाय हवेत आणि चेहरा हसण्याने फुललेला. तुळजापूरच्या वाटेवर संबळ ऐकत वाढलेल्या माणसाला त्याच्या गोष्टीची लय न ऐकताही कळते. या गोष्टीवाल्याचं नाव कोणत्याही राजाच्या बखरीत नाही. दरबारी इतिहासात लढाया, करार आणि वारसाहक्क आहेत. हसणारा माणूस आहे तो थडग्यातल्या मातीत.

या वस्तू कशा घडवत? पुढचा आणि मागचा असे दोन साचे, दोन्हींत माती दाबायची, दोन्ही अर्धे भाग जोडायचे आणि सांधा पुसून घ्यायचा. आत पोकळ राहिल्यामुळे भाजताना तडा जात नाही. हान काळातच शिशाची हिरवी आणि तपकिरी झिलई आली. ती कमी आचेवर वितळते आणि चकाकते, पण तिच्यातलं शिसं आंबट पदार्थात उतरतं. जेवणाच्या भांड्याला ती घातक. थडग्यातल्या चुलीला मात्र चालून जाते. शतकानुशतकं ओल्या मातीत राहून त्या हिरव्या झिलईवर रुपेरी झाक चढते आणि तीच आज तिची ओळख झाली आहे.

हे दोन साच्यांचं तंत्र ऐकताना तेरचं संग्रहालय पाहिलेल्यांना काहीतरी आठवलं असेल. तेरच्या सातवाहनकालीन पांढऱ्या चिनीमातीच्या स्त्रीमूर्ती अशाच दोन साच्यांतून, पोकळ काढलेल्या आहेत. केसांची रचना, कानातली कुंडलं, गळ्यातले हार, सारं साच्यात इतकं स्वच्छ उतरलं आहे की त्या काळच्या दागिन्यांची यादी करता यावी. त्या मूर्ती थडग्यासाठी नव्हत्या. त्या घरात, देवघरात, मुलांच्या हातात वावरल्या असाव्यात. पण तंत्र जवळपास तेच, आणि काळही तोच.

बुद्ध, उंट आणि थडग्यावरचे पहारेकरी

भारत आणि चीन यांची आणखी एक गाठ या थडग्यांतच पडली. तिसऱ्या शतकात यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात हिरवट झिलईचे एक प्रकारचे कुंभ थडग्यांत ठेवत. त्यांच्या खांद्यावर इमले, पक्षी, प्राणी आणि माणसं यांची गर्दी असे. त्यांतल्या काही कुंभांवर पद्मासनात बसलेला छोटा बुद्ध आहे. चीनमधल्या अगदी सुरुवातीच्या बुद्धप्रतिमांत त्यांची गणना होते. स्वतंत्र विहार आणि मोठ्या मूर्ती यायच्या आधी बुद्ध तिथे मृताचा सोबती म्हणून कुंभाराच्या हातून आला.

थांग काळात, म्हणजे इसवी सन ६१८ ते ९०७ मध्ये, ही कला शिगेला पोचली. तांबूस पिवळी, हिरवी आणि दुधी अशी तीन रंगांची झिलई एकमेकींत ओघळू दिलेले घोडे आणि उंट जगभरच्या संग्रहालयांत दिसतात ते याच काळातले. उंटांवर मध्य आशियातले दाढीवाले व्यापारी, घोड्यांवर पोलो खेळणाऱ्या स्त्रिया. थडग्याच्या दाराशी चिलखत घातलेले राजपुरुष पायाखाली राक्षस दाबून उभे असतात. ते बौद्ध परंपरेतले लोकपाल. महाराष्ट्रात पुलकेशीच्या राज्यात येऊन गेलेला चिनी बौद्ध भिक्षू शुआनत्सांग ६४५ मध्ये चीनला परतला. ज्या वाटांनी तो ग्रंथ घेऊन गेला त्याच वाटांनी हे लोकपाल गेले होते. सेनापती ल्यू थिंगशुन ७२८ मध्ये वारला. त्याच्या थडग्यातल्या मानल्या जाणाऱ्या तेरा भव्य मूर्ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

राज्याने या कामासाठी खास खातं ठेवलं होतं आणि कुणाच्या थडग्यात किती मूर्ती, याचे नियमही होते. तिसऱ्या आणि त्यावरच्या श्रेणीच्या अधिकाऱ्याला ९०, पाचव्या श्रेणीपर्यंत ६०, नवव्या श्रेणीपर्यंत ४०. प्रत्यक्षात लोक हे नियम मोडत. अंत्ययात्रेत मूर्ती रस्त्याकडेने मांडून लोकांना दाखवण्याची चढाओढ लागे. घराणी त्यापायी धुळीला मिळत आहेत, अशी तक्रार ७११ मध्ये एका अधिकाऱ्याने सम्राटाकडे केली. ७४१ मध्ये संख्या ७०, ४० आणि २० पर्यंत खाली आणली गेली. लग्नाच्या मांडवापायी शेत गहाण पडलेलं ज्या मुलखाने पाहिलं आहे, त्याला ही तक्रार समजावून सांगावी लागणार नाही. ७५५ च्या मोठ्या बंडाने राज्य खिळखिळं झालं आणि हा थाट ओसरला. पुढे मातीची जागा हळूहळू कागदाने घेतली. कागदाचं घर, कागदाची नाणी, कागदाचे नोकर जाळून मृताला पोचते करायचे. चिनी समाजात ही रीत आजही आहे आणि आता कागदाच्या मोटारी आणि मोबाइलही जाळले जातात.

खूण हरवलेल्या वस्तू

हजार वर्षं या वस्तू जमिनीत शांत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी लुओयांगच्या परिसरात रेल्वेमार्ग टाकताना थडगी फुटू लागली. चिनी घरांत थडग्यातली वस्तू ठेवणं अशुभ मानत, म्हणून तोवर तिथे त्यांना मागणी नव्हती. युरोप-अमेरिकेच्या संग्राहकांना ती अडचण नव्हती. बाजार तयार झाला, बाजारापाठोपाठ चोरटी खोदाई आली आणि तिच्यापाठोपाठ नकली वस्तू. भाजल्यापासून मातीत साठत गेलेली ऊर्जा तापवल्यावर प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. ती मोजून वस्तू शेवटची कधी भाजली हे ठरवण्याची पद्धत निघाली, तिला वेग आला तो या नकली घोड्यांमुळेही.

पण खरा घोडा खरा ठरला तरी एक नुकसान भरून येत नाही. तो कोणत्या थडग्यातला, कुणाचा, त्याच्या शेजारी काय होतं, तोंड कुठल्या दिशेला होतं, हे सारं पुसलं गेलेलं असतं. जियुआनचा उफणणीचा पंखा एकटा बाजारात आला असता तर ते कसलंतरी मातीचं खोकं म्हणून कोपऱ्यात पडलं असतं. शेजारचं उखळ आणि थडग्याचा काळ कळला म्हणून तो शेतीच्या इतिहासाचं एक पान झाला.

आपली पांढर

इथून मी आपल्या दाराशी येतो. विदर्भातल्या जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथली शिळावर्तुळं सोडली तर महाराष्ट्रात मृतांबरोबर वस्तू पुरण्याची रीत पुढे फार टिकली नाही. आपण देह अग्नीला देतो आणि अस्थी पाण्यात सोडतो. त्यामुळे सातवाहनकाळच्या तेरकराचं स्वयंपाकघर, गोठा, खळं यांची मातीची प्रतिकृती कुठल्याही थडग्यात आपली वाट पाहत नाही. चीनच्या इतिहासकाराकडे थडगी आहेत. आपल्याकडे पांढर आहे.

पांढर म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. गावाजवळचं जुन्या वस्तीचं टेकाड, पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती आणि खापरं मिळून झालेली ती मऊ भुरकट माती. चीनमध्ये जे एका दिवसात, ठरवून, मांडून पुरलं गेलं, ते आपल्याकडे शेकडो वर्षांत आपोआप पुरलं गेलं. फुटलेली घागर, हरवलेला मणी, शंखाची तुटलेली बांगडी, मुलाचं खेळणं. तेरच्या पांढरीतून याच गोष्टी निघाल्या. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तिथे उत्खनन केलं, नंतरही काही वेळा झालं. रोमन नाण्यांवरून ठसे घेतलेली मातीची पदकं, दिवे, चिनीमातीच्या मूर्ती आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतल्या पाँपेईला राखेखाली गाडल्या गेलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं जवळचं नातं आहे.

या वस्तू तेरमध्ये राहिल्या याचं श्रेय रामलिंगप्पा लामतुरे यांना आहे. पावसानंतर पांढरीवर उघड्या पडणाऱ्या वस्तूंचं मोल त्यांनी ओळखलं आणि त्या आयुष्यभर जमवल्या. तेरचं शासकीय संग्रहालय आज त्यांच्या नावाने आहे. एका गावकऱ्याने हे केलं, म्हणून तेरच्या मातीचा मोठा ठेवा गावातच राहिला.

पण पांढर अजूनही खचते आहे. तिची माती खत म्हणून शेतात पडते, विटांत जाते, घरांच्या पायांखाली दबते. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याला ती माती उपयोगाची आहे आणि तिचं दुसरं मोल त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगणं हे माझ्यासारख्यांचं काम आहे, म्हणून आज सांगतो. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, हा कायदा १८७८ पासून आहे. पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. कायद्याच्याही आधी करण्यासारखं काही आपल्या हातात आहे. खापर सापडलं तर ते कोणत्या गटातून, किती खोलीवरून, कशाच्या शेजारी मिळालं हे वहीत लिहा. जागेवरच फोटो काढा. मग ते उचला आणि संग्रहालयात पोचवा. ज्या गावाला पांढर आहे तिथल्या शाळेने दर पावसाळ्यानंतर मुलांना तिथून फिरवून आणावं, आणि मुलांनी काय दिसलं ते लिहावं, काढावं. तेरच्या संग्रहालयात जिल्ह्यातलं प्रत्येक मूल एकदा तरी गेलं पाहिजे, आणि त्याला तिथे मूर्तीचं नाव पाठ करायला लावण्याऐवजी साच्याचा सांधा शोधायला सांगितलं पाहिजे.

मित्रहो, चीनमधल्या त्या कुंभारांच्या कामाची दप्तरं होती. मुकादमांची नावं पुतळ्यांवर आहेत, मूर्तींची संख्या हुकुमांत आहे, आणि जी थडगी फुटली नाहीत त्यांत प्रत्येक वस्तू जिथे ठेवली तिथेच राहिली. तेरच्या कुंभारांचं दप्तर कुणी ठेवलं नाही. त्यांच्या कामाची एकमेव नोंद म्हणजे ते काम ज्या मातीत पडलं ती जागा. ती जागा विस्कटली की नोंदच गेली, वस्तू हाती राहिली तरीही. मृतांसाठी इतकी जिवापाड माती घडवणाऱ्या माणसांकडून आपण शिकायचं ते हे: आपल्यानंतर येणाऱ्यांना जे लागेल ते आपण आजच, नीट मांडून ठेवायचं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तगराचं दप्तर लिहिण्याचं काम अजून शिल्लक आहे, आणि ते दुसरं कोणी येऊन करणार नाही. ते धाराशिवच्या लोकांनीच करायचं आहे.